आज उडावे की थांबावे?
लहान विमाने आणि हवामानाची पारख : एक अभ्यास

नंदुरबार परिसरात मिरचीचा हंगाम सुरू झाला की मोकळ्या मैदानांवर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. अशा वेळी पश्चिमेकडे आभाळ भरून आले, की पथारीवरील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : माल आवरावा की राहू द्यावा? निर्णय चुकला तर माल भिजतो आणि हंगामाची मिळकत बुडते. म्हणून जाणता माणूस केवळ आशेवर विसंबून राहत नाही. तो वारा पाहतो, ढगांचा रंग पाहतो, हवेतील ओल जोखतो आणि मगच काय ते ठरवितो.

लहान विमानाच्या वैमानिकापुढे उड्डाणाच्या प्रत्येक दिवशी हाच प्रश्न असतो. फरक आहे तो एका गोष्टीचा. पहिले थेंब पडू लागल्यावरही पथारीवरील थोडाफार माल आवरता येतो. आकाशात गेलेल्या विमानाला मात्र रस्त्याच्या कडेला थांबून पाऊस ओसरण्याची वाट पाहता येत नाही. त्यामुळे वैमानिकाचा खरा निर्णय जमिनीवरच व्हावा लागतो.

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातील वाचक विचारील की, आमच्या गावी धावपट्टी नाही, मग या विषयाशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर येथे धावपट्टी असून तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. निवडणुकीच्या काळात, पुराच्या प्रसंगी अथवा मान्यवरांच्या दौऱ्याच्या वेळी हेलिकॉप्टर एखाद्या शाळेच्या मैदानावर उतरते. त्या वेळी "तुमच्याकडे हवामान कसे आहे?" असा दूरध्वनी गावाकडे किंवा तालुक्याच्या कचेरीकडे येतो. त्याला दिलेल्या उत्तरावर काही माणसांचा जीव अवलंबून असू शकतो. म्हणून हवामानाची ही पारख कशी केली जाते, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

लहान विमान वेगळे का?

प्रवाशांनी भरलेले मोठे जेट विमान जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. बहुतेक ढग त्याच्या खाली राहतात. पुढील वादळ दाखविणारे रडार, उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय आणि दोन अनुभवी वैमानिक अशी त्याची सिद्धता असते. चार आसनांचे, एका इंजिनाचे प्रशिक्षण-विमान भरलेल्या अवस्थेत अकराशे किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोटारगाडीएवढ्या वजनाचे असते. ते एक ते तीन किलोमीटर उंचीवरून, म्हणजे ज्या थरात वारा, धूळ, ढग व पाऊस यांचा सारा खेळ चालतो त्याच थरातून उडते. त्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आला, तर त्याचा जमिनीवरील वेग एकचतुर्थांशाने घटतो. प्रवास लांबतो आणि इंधनाचा हिशेब बदलतो. मोठ्या विमानाला जो केवळ हादरा वाटतो, तोच लहान विमानाला संकट ठरू शकतो.

पहिली कसोटी : दृश्यता

लहान विमानाचा वैमानिक बहुतांशी डोळ्यांनी पाहून विमान चालवितो. नदी, रस्ता, लोहमार्ग, डोंगर आणि क्षितिज ही त्याची साधने होत. या पद्धतीच्या उड्डाणास 'दृश्य-उड्डाण' म्हणतात. भारतात नियंत्रित आकाशक्षेत्रात दहा हजार फुटांखाली अशा उड्डाणासाठी किमान पाच किलोमीटर दृश्यता आवश्यक मानली जाते. ढगांपासून आडवे अंतर दीड किलोमीटर आणि उभे अंतर ३०० मीटर राखावे लागते. असे उड्डाण सर्वसाधारणपणे दिवसाउजेडीच करावयाचे असते.

पाच किलोमीटर हे अंतर पायी चालणाऱ्यास बरेच वाटते. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान ते अवघ्या दीड मिनिटात कापते. समोर डोंगर आहे हे ओळखणे, वळण्याचा निर्णय घेणे आणि वळण पूर्ण करणे या सर्वांसाठी तेवढाच अवधी असतो. हिवाळ्याच्या पहाटे तापीच्या खोऱ्यात धुके साचते, उन्हाळ्यात धुळीचा पडदा पसरतो आणि पावसाळ्यात सरीच्या आड डोंगर लुप्त होतो. तिन्ही ऋतूंत कारण निराळे असले तरी परिणाम एकच असतो.

दुसरी कसोटी : ढगांचा पाया

आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले आहेत, हे निरीक्षक नोंदवितो. निम्म्याहून अधिक आकाश झाकणारा सर्वांत खालचा थर म्हणजे आकाशाचे 'छत' होय. नियंत्रित विमानतळावर दृश्य-उड्डाणासाठी हे छत किमान ४५० मीटर, म्हणजे दीड हजार फूट उंच असावे लागते.

ढगांचा पाया अदमासे काढण्याची एक सोपी रीत आहे आणि ती शाळेतही शिकविता येते. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे लहान खडे टाकावेत व ढवळत राहावे. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर प्रथम दव दिसू लागेल त्या क्षणी पाण्याचे तापमान पाहावे. हा त्या हवेचा दवबिंदू होय. हवेचे तापमान व दवबिंदू यांतील फरकास १२५ ने गुणले असता, तापलेली हवा वर चढून बनणाऱ्या ढगांच्या पायाची उंची मीटरमध्ये साधारणपणे मिळते. तापमान ३० अंश आणि दवबिंदू २४ अंश असेल, तर फरक ६ आणि पाया सुमारे ७५० मीटर. हा फरक दोन-तीन अंशांवर आला की ढग खाली उतरणार किंवा धुके पडणार, असे समजावे.

येथे एक गोष्ट विसरून चालत नाही. ही उंची ज्या जागी मोजली त्या जागेपासूनची असते. नंदुरबारची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २१० मीटर आहे. तेथे ढगांचा पाया ७५० मीटरवर असेल, तर तो समुद्रसपाटीपासून ९६० मीटरवर झाला. तोरणमाळचे पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे खोऱ्यातील माणसाला जो ढग चांगला उंच वाटतो, तो तोरणमाळला दारात उतरलेला असतो. "आमच्याकडे हवामान स्वच्छ आहे" हे कोरीटचे उत्तर खरे असूनही सातपुड्यात जाणाऱ्या विमानाला अपुरे पडते, ते यामुळेच.

१७८ सेकंद

ढगात शिरले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते वैमानिकाच्या दिशाज्ञानात. माणसाच्या अंतःकर्णात तोल सांभाळणारी व्यवस्था आहे. परंतु ती डोळ्यांच्या साह्याविना फसते. विमान हळूहळू एका बाजूस कलले तरी ढगात बसलेल्याला ते सरळच चालल्याचा भास होतो. विमान खरोखर सरळ केले की ते उलट बाजूस कलल्यासारखे वाटते. मग तो चुकीची दुरुस्ती करतो आणि विमान चक्राकार खाली येऊ लागते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये या बाबतीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना क्षितिज दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालविण्यास दिले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी काळ १७८ सेकंद भरला. म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत. प्रयोगात शिक्षक शेजारी बसलेला असल्याने सर्वजण सुखरूप राहिले. प्रत्यक्ष ढगात तो आधार नसतो. "थोडासाच ढग आहे, पलीकडे निघून जाऊ" हा विचार किती घातक आहे, हे या एका आकड्यावरून ध्यानी यावे.

तिसरी कसोटी : वारा

विमानाला समोरचा वारा उपकारक असतो. त्यामुळे ते कमी अंतरात उचलते आणि कमी वेगाने उतरते. धोका असतो तो आडव्या वाऱ्याचा व झोतांचा. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्याच्या वेगाचा निम्मा भाग आडवा लागतो. ६० अंशांच्या कोनात सुमारे सातअष्टमांश आणि काटकोनात पूर्ण वेग आडवा येतो. २० नॉटचा वारा ३० अंशांनी आला तर आडवा भाग १० नॉट, काटकोनात आला तर २० नॉट. सर्वत्र प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ या विमानाच्या बाबतीत १५ नॉटचा आडवा वारा सिद्ध मर्यादा म्हणून दिलेला असतो. नवशिक्या वैमानिकाने स्वतःची मर्यादा त्याहूनही खाली ठेवणे इष्ट होय.

खानदेशच्या वाऱ्याची ताकद साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्यांच्या रांगा पाहिल्या की कळते. तोच वारा डोंगराच्या कडेवर आदळला की त्याला निराळे रूप येते. ज्या अंगाने वारा येतो त्या अंगास हवा वर चढते. पलीकडच्या अंगास ती खाली कोसळते आणि भोवरे निर्माण होतात. वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या उतारावरून कड्याकडे जाणारे लहान विमान वर चढण्याच्या प्रयत्नात असतानाच खाली रेटले जाते. म्हणून कडा ओलांडताना पुरेशी उंची आधीच घ्यावी, कड्याकडे सरळ न जाता तिरके जावे आणि परत फिरण्यास वाव ठेवावा, असा दंडक आहे. ज्या दरीचा वरचा भाग ढगाने झाकलेला आहे, त्या दरीत तर शिरूच नये.

चौथी कसोटी : उष्णता

निरभ्र आकाश म्हणजे निर्धोक हवामान, हा समज सर्वस्वी खरा नाही. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्ती घटते आणि पंख्याची ओढही मंदावते. प्रमाणित तापमानापेक्षा हवा जितके अंश अधिक तापलेली, तितके दर अंशास सुमारे ३६ मीटर याप्रमाणे विमानाला आपण अधिक उंचीवर असल्यासारखे भासते. नंदुरबारच्या उंचीवर प्रमाणित तापमान सुमारे साडेतेरा अंश धरतात. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, तर फरक ३० अंशांचा झाला. त्यामुळे २१० मीटर उंचीवरचे विमान सुमारे १,३०० मीटर उंचीवर असल्यासारखे वागते. म्हणजे नंदुरबारला उभे असूनही ते तोरणमाळच्याही वर आहे! अशा वेळी धावपट्टी अधिक लांब लागते व चढ मंदावतो. शिवाय तापलेल्या शेतांवरून उठणारे प्रवाह आणि वावटळी विमानाला हेलकावे देतात. उन्हाळ्यात शक्य तेवढी उड्डाणे सकाळी लवकर उरकण्याचा प्रघात आहे, तो याच कारणास्तव.

वादळी ढग

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आणि परतीच्या पावसात आकाशात कोबीच्या गड्ड्यासारखे फुगत जाणारे ढग दिसतात. त्यांची उंची बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत वाढते आणि माथा ऐरणीसारखा पसरतो. अशा ढगात वर जाणारे आणि खाली येणारे प्रचंड प्रवाह शेजारी-शेजारी असतात. गारा, वीज व मुसळधार पाऊस ही त्यांची इतर अंगे होत. लहान विमानाची चढण्याची गती सेकंदाला तीन-साडेतीन मीटर असते. वादळी ढगातील खाली येणारा प्रवाह तिच्या कित्येक पट वेगवान असू शकतो. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस येण्याआधी धुळीचा जो लोट गावावरून जातो, तो हाच होय. त्या क्षणी उतरू पाहणाऱ्या विमानाला प्रथम समोरचा वारा उचलतो आणि काही सेकंदांतच मागचा वारा खाली दाबतो. म्हणून अशा ढगापासून निदान ३० ते ३५ किलोमीटर दूर राहण्याचा सल्ला देण्यात येतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. विमानाच्या दृष्टीने गडगडाट ऐकू येणे हाच पुरेसा इशारा आहे.

जो धोका डोळ्यांना दिसत नाही

माठातील पाणी बाष्पीभवनाने गार होते, हे आपण जाणतो. लहान विमानांच्या अनेक इंजिनांतील कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना असेच घडते आणि आतील हवेचे तापमान वीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. हवा दमट असेल, तर बाहेर २०-२५ अंश तापमान असतानाही आत बर्फ धरतो व इंजिन गुदमरते. गरम हवा आत सोडण्याची कळ त्यासाठीच दिलेली असते. उष्ण कटिबंधातही इंजिनात बर्फ साचतो, ही बाब विद्यार्थ्यांना आश्चर्याची वाटेल. परंतु पावसाळी हवेत उडणाऱ्यास ती सतत स्मरणात ठेवावी लागते.

माहिती आणि तिचे वाचन

या सर्व कसोट्यांसाठी माहिती पुरविण्याचे कार्य १८७५ मध्ये स्थापन झालेले भारतीय हवामान खाते करते. या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले. तथापि पुण्याच्या कार्यालयाचे महत्त्व आजही कायम आहे. विमानतळावरील निरीक्षक ठरावीक वेळाने वारा, दृश्यता, ढग, तापमान, दवबिंदू व दाब यांची नोंद सांकेतिक भाषेत प्रसारित करतात. पुढील काही तासांचा अंदाजही देण्यात येतो. उपग्रहाची व रडारची चित्रे आता सहज पाहावयास मिळतात.

उदाहरणादाखल एक कल्पित नोंद घेऊ. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा २४० अंशांकडून १४ नॉट, झोतांत २४ नॉट. दृश्यता ४,००० मीटर, हलका पाऊस. आकाशाचे आठांपैकी पाच ते सात भाग झाकलेले, पाया १,२०० फूट. तापमान २७, दवबिंदू २४. आता परीक्षण करू. वारा पश्चिमेच्या धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करतो; आडवा भाग झोतांत १२ नॉट, म्हणजे मर्यादेच्या आत. दृश्यता पाच किलोमीटरपेक्षा कमी. छत दीड हजार फुटांपेक्षा खाली. तापमान व दवबिंदू यांतील फरक अवघा तीन अंश, म्हणजे ढग लगेच वर जाण्याची आशा नाही. निष्कर्ष : दृश्य-उड्डाण करू नये. शालेय परीक्षेत काही विषयांतील गुण दुसऱ्या विषयातील उणीव भरून काढतात. येथे तसे नाही. एका विषयात अनुत्तीर्ण तो सर्वच विषयांत अनुत्तीर्ण, असा हा निकाल आहे.

थांबण्यात कमीपणा नाही

टाटांच्या हवाई टपाल सेवेचा आरंभ लहान विमानानेच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एका इंजिनाचे विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर आणले. त्या विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा या सेवेने चिखलाशी झुंज घेण्याचा हट्ट न धरता आपला मुक्काम पुण्यास हलविला. असे असूनही तिच्या वक्तशीरपणाची सरकारी पातळीवर प्रशंसा झाली. ऋतू ओळखून आखणी बदलणे आणि काम वेळेवर करणे यांत विरोध नाही, हा धडा त्यातून मिळतो.

कृत्रिम पावसाच्या प्रयोगात तर विमानाला मुद्दाम ढगाजवळ जावे लागते. महाराष्ट्रात २००३ मध्ये, तसेच २०१५ व २०१९ मध्ये औरंगाबाद येथून असे प्रयोग करण्यात आले. तेथेही रडारवरून ढग निवडून विमान पाठविले जाते आणि वादळी ढग वगळले जातात. ढगाकडे जाणारा वैमानिकही 'या ढगाकडे नको' असे म्हणण्याचा अधिकार राखून ठेवतो.

दुसऱ्या टोकाला वाट पाहणारी माणसे

आता या अभ्यासातील सर्वांत नाजूक भागाकडे वळू. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे हे कानपूर येथील सभेसाठी दिल्लीहून लहान विमानाने निघाले. उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात खराब हवामानात ते विमान कोसळले आणि विमानातील आठही जण मृत्युमुखी पडले. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी हे चित्तूर जिल्ह्यातील लोकसंपर्क कार्यक्रमासाठी हेलिकॉप्टरने जात असता नल्लमलाच्या डोंगरांत पावसाळी हवामानात अपघात होऊन सर्व पाच जण दगावले. या दोन्ही प्रसंगी कोणी आग्रह धरला, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु दोन्ही प्रवासांच्या दुसऱ्या टोकाला एक ठरलेला कार्यक्रम होता आणि माणसे वाट पाहत होती, ही वस्तुस्थिती आहे.

मंडप सजलेला आहे, लोक सकाळपासून बसले आहेत, पाहुणे येणारच असे जाहीर झाले आहे. अशा वेळी संयोजकाच्या तोंडून "इकडे सर्व ठीक आहे, या" हे शब्द सहज निघतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण शंभर किलोमीटरवर बसलेला वैमानिक त्या शब्दांना साक्षीपुराव्याचे मोल देतो. अनुभवी वैमानिकाच्याही मनावर वेळेचे, प्रतिष्ठेचे व पाहुण्याच्या अधिकाराचे दडपण येते. त्या दडपणात भर घालावयाची की ते हलके करावयाचे, हे मात्र आपल्या हाती असते.

अपघात घडला की त्याची झळ गावालाच प्रथम पोहोचते. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण केंद्राचे विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील वर्डी परिसरात सातपुड्यात कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. प्रशिक्षणार्थी युवती गंभीर जखमी झाली. रस्ता नसलेल्या त्या डोंगरातून तिला आदिवासी ग्रामस्थांनी बांबूला साडीची झोळी बांधून खाली आणले. त्या अपघाताची कारणमीमांसा हा तपासयंत्रणेचा विषय आहे. ग्रामस्थांची माणुसकी मात्र प्रत्येक पंचायतीने आदर्श मानावी अशी आहे. संकटानंतर एवढी धाव घेणारा समाज संकटापूर्वीही सावधपणाने साह्य करू शकेल, यात शंका नाही.

शाळा व पंचायत काय करू शकतील?

प्रथम, प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा दृश्यता-तक्ता तयार करावा. विमानतळावरील निरीक्षकही हीच पद्धत वापरतात. पाण्याची टाकी एक किलोमीटर, शेजारच्या गावच्या मंदिराचा कळस तीन किलोमीटर, अमुक टेकडी आठ किलोमीटर, सातपुड्याची रांग इतकी दूर, अशी अंतरे नकाशावरून मोजून फलकावर लिहावीत. विद्यार्थ्यांनी रोज सकाळी ठरल्या वेळी त्यांतील सर्वांत दूरची कोणती खूण स्पष्ट दिसते, ते नोंदवावे. एका वर्षात गावाच्या हवामानाचा मोलाचा इतिहास जमा होईल.

दुसरे, वारा ओळखण्यास उपकरणच हवे असे नाही. धूळ व सुटे कागद उडू लागले आणि लहान फांद्या हलू लागल्या की वारा ११ ते १६ नॉटचा असतो. लहान झाडे डोलू लागली तर १७ ते २१ नॉट. मोठ्या फांद्या हलतात, तारा घोंघावतात आणि छत्री धरवत नाही, तेव्हा तो २२ ते २७ नॉटवर गेलेला असतो. वाऱ्याची दिशा सांगताना तो कोठून येतो ते सांगावे, कोठे जातो ते नव्हे.

तिसरे, हवामान विचारणारा दूरध्वनी आला, तर 'ठीक आहे' हा शब्द वर्ज्य समजावा. चार गोष्टी सांगाव्यात : किती दूरची कोणती खूण दिसते, आकाशाचा किती भाग झाकलेला आहे आणि डोंगरांचे माथे मोकळे आहेत काय, वारा कोठून व किती आहे, वीज अथवा गडगडाट आहे काय. सोबत निरीक्षणाची वेळ सांगावी आणि स्थिती बदलली तर आपण होऊन पुन्हा कळवावे. जे दिसते ते सांगावे. उडावे की नाही हे वैमानिकाला ठरवू द्यावे.

चौथे, कार्यक्रमाची आखणी करतानाच पाहुणे हवाई मार्गाने न आल्यास काय करावयाचे, याची तरतूद ठेवावी. रस्त्याने येण्यास लागणारा वेळ, पर्यायी वक्ते किंवा पुढील तारीख यांचा विचार आधी झालेला असला की ऐनवेळी कोणावर दडपण येत नाही. पाहुणे हवामानामुळे येऊ शकले नाहीत, ही घोषणा ध्वनिक्षेपकावरून नाराजीच्या सुरात करू नये. एक योग्य निर्णय झाला, असे लोकांना समजावून सांगावे.

मिरचीची पथारी वेळीच आवरणाऱ्याला गावात कोणी भित्रा म्हणत नाही. दोन तासांनी ऊन पडले तरी त्याच्या निर्णयाला कोणी हसत नाही. आभाळ पाहून वागला, एवढेच म्हणतात. "आज उडणार नाही" असे सांगणाऱ्या वैमानिकाला आपण तोच मान दिला, तर या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. सभा उद्याही घेता येते आणि उद्घाटन पुढच्या आठवड्यातही होऊ शकते. गेलेली माणसे मात्र परत येत नाहीत.